उंबऱ्यापलीकडचा षड्ज

मिरजेत शामराव सुतारांच्या दुकानी गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आल्या आल्या बोलायची सोय नव्हती. शामराव आधी भिंतीला टेकलेला एखादा तानपुरा मांडीवर घेत, सावकाश लावत, आणि चारही तारा मनासारख्या बोलू लागल्या की मगच मान वर करून "हं, बोला" म्हणत. नावाजलेले गवई तिथल्या बाकावर शाळकरी पोरांसारखे हाताची घडी घालून बसलेले शामरावांच्या मुलीनं, वैजयंतीनं, लहानपणी पाहिले होते. घरच्यांनाही तोच कायदा. एकदा ती गुडघा फोडून रडत आली, तर आण्णांनी, म्हणजे शामरावांनी, तिच्या हातात तानपुरा दिला. "आदी लाव, मग बोल." पंचम लागेपर्यंत रडू कुठल्या कुठं पळालं, आणि मग सांगण्यासारखंही फारसं उरलं नाही.

लावायला शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. तार चढव, उतरव, असं ते कधी सांगत नसत. तोंड मिटून नुसता सूर धरत, एकच, सरळ, लांबलचक. तार त्या सुराला येऊन मिळाली की ते थांबत. ते गप्प झाले म्हणजे जमलं. याहून वेगळी शाबासकी त्यांच्याकडून कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

तेच आण्णा आता गावातल्या एका इस्पितळात काचेपलीकडे निजून होते, आणि वैजयंती रोज सकाळी काचेअलीकडच्या खोलीत टॅबलेटसमोर बसून त्यांच्यासाठी तानपुरा छेडत होती. पडद्यावर तिच्या बाजूची रेघ नाचे आणि 'पोचलं' अशी हिरवी खूण उमटे. खालची, आण्णांच्या बाजूची रेघ मात्र सपाट. पावसाळा सुरू झाला, सरत आला, तरी ती सपाटच होती.

मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली होती. त्या एका घावात आण्णांचं हलणं गेलं, डोळे उघडणं गेलं, आणि कानांकडून मेंदूकडे जाणारा रस्ताही तुटला. मेंदूचा वरचा भाग स्कॅनमध्ये शाबूत दिसत होता. म्हणजे माणूस घरात असावा, पण दारंखिडक्या सगळ्या बाहेरून बंद. अशा रुग्णांसाठी अलीकडेच एक उपाय निघाला होता. केसाहून बारीक तारा विणलेला एक पापुद्रा मेंदूच्या ऐकण्याच्या भागावर पसरायचा. बाहेरचा आवाज विजेच्या इवल्या ठोक्यांत बदलून तो थेट मेंदूला देतो, कानांची गरजच पडत नाही. आणि याच्या उलटही होतं. आपण मनातल्या मनात गाणं म्हणतो तेव्हा तोच भाग जागा होतो. ती हालचाल टिपून पापुद्रा तिचा आवाज करतो. शब्द लगेच कळत नाहीत, त्याला फार सराव लागतो. पण सूर, हाक, हेल लवकर उमटतात. शेजारच्या खाटेवरच्या बाई नातवाचा आवाज पोचला की पाळण्याची चाल म्हणत, आणि इकडे त्यांची सून टॅबलेट छातीशी धरून बसे.

अशा रुग्णाला बिनतारी जगापासून तोडून ठेवावं लागे. मेंदूला लागलेलं यंत्र हवेतून कुणालाही गाठता आलं तर काय अनर्थ होईल, या भीतीनं कायदाच झाला होता, की ही यंत्रं फक्त तारेच्या नेटवर्कवर राहतील. त्यामुळे वॉर्डात सगळं तारेनं जोडलेलं आणि नातेवाइकांच्या खोलीतले फोन-टॅबलेट बिनतारी. एका छपराखाली दोन वेगळी नेटवर्कं. आता नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना ओळखतात ती हाका मारून. प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळानं पुकारत असतं, मी इथं आहे, माझ्याकडे आवाज आहे. पण ही हाक गल्लीतल्या गल्लीत राहते, कोपरा ओलांडत नाही. तशी ती मुद्दामच केलेली असते, नाहीतर जगभरच्या यंत्रांचा एकच गलका व्हायचा. मग या गल्लीतलं त्या गल्लीला सांगायला कोपऱ्यावर कुणीतरी उभं लागतं. ते काम करणारी एक करडी पेटी दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवली होती. तिचं खरं नाव लांबलचक होतं. इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणारे चौगुले तिला 'उंबरा' म्हणत, आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले. उंबरा अलीकडचा आवाज घेई, तपासे, स्वच्छ करी आणि पलीकडे देई. पलीकडचाही तसाच अलीकडे आणी.

आवाज स्वच्छ करणं हे वैजयंतीचंही पोटापाण्याचं काम होतं. फोनवरच्या आवाजात माणसाचं बोलणं कुठलं आणि पंखा, मोटर, मिक्सर कुठला, हे ती एका कंपनीसाठी घरी बसून यंत्रांना शिकवायची. हे काम आण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हातातली कानस पुसत राहिले होते. मग म्हणाले, "म्हंजे तारंला आस यावी म्हणून मी जन्मभर घोडी घासतोय, आणि ती आस तू पुसून टाकतीस म्हण की." छेडल्यावर तारेमागं जो आवाज रेंगाळतो त्याला ते आस म्हणत; घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. वैजयंती तेव्हा हसली होती.

थोरला भाऊ रणजित कोल्हापूरला फाउंड्रीत होता. दर रविवारी यायचा, टॅबलेटसमोर वाकून "आण्णा, मी आलोय" म्हणायचा, पोरांच्या परीक्षा, गावातल्या बातम्या सगळं सांगायचा. तानपुऱ्याला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. बापाचं आणि त्याचं त्यावरून एकदा वाजलं होतं, मग दोघांनीही तो विषय सोडून दिला. पण आजारपणात त्यानं काही कमी केलं नाही. सपाट रेघेकडे बघून तो दर वेळी थोडा अधिक खचून जाई.

वाट बघण्यालाही मुदत होती. पापुद्रे थोडे आणि रांग मोठी. ठरलेल्या काळात पलीकडून काहीच आलं नाही, तर डॉक्टर नातेवाइकांना बोलावून विचारत. पापुद्रा काढायचा, श्वासाचं यंत्रही हळूहळू थांबवायचं. डॉ. शहनाज मुजावर यांनी हे बोलताना घाई केली नाही. ठरवायचं तुम्हीच, असं म्हणून त्या दोघांना एकटं सोडून गेल्या.

बहीणभाऊ त्या खोलीत बराच वेळ बोलत बसले. बोलायचं ते सगळं बोलले. दुकानाचं काय करायचं, शिसवीची लाकडं कुणाला द्यायची, खुंटीला टांगलेला अर्धा तानपुरा पुरा कोण करणार. रणजित म्हणाला, आण्णांना पाण्याचा तांब्या कुणी हातात दिलेला खपत नसे, त्यांना हे असलं जगणं चाललं असतं का? वैजयंती भांडत होती, मग भांडायची थांबली. टॅबलेट दोघांच्या मध्ये चालूच होता. तो आता खोलीतल्या कॅलेंडरसारखा झाला होता, कुणाचं लक्षच नसायचं.

"दादा, आण्णा तिथं नाहीत आता," ती शेवटी म्हणाली. "मी नुसती काचेला ऐकवतेय."

सोमवार ठरला.

रविवारी सकाळी तिनं चौगुल्यांना एक मागणं केलं. इतके दिवस आपण आण्णांसाठी वाजवलं, त्यातलं थोडं आठवण म्हणून जवळ असावं. आपल्या फोनवरचं नको, पलीकडे जसं पोचलं तसं हवं. शेवटी त्यांना काय मिळालं तेवढं तरी आपल्याकडे राहील. चौगुल्यांना यात अवघड काही नव्हतं. वॉर्डाच्या बाजूची साठवण त्यांनी काढली, हेडफोन आणून दिला आणि ते दाराशी उभे राहिले.

पहिल्यांदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रणजितचा खोकला. चहावाल्या मावशींची हाक. मग तिचा स्वतःचा आवाज, अगदी खणखणीत: "आण्णा, लावते हं." आणि पुढं काहीच नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा तीच: "बरं, उद्या येते."

तिनं दुसरा दिवस लावला, तिसरा लावला. लावते हं. उद्या येते. मधे काही नाही.

चौगुले म्हणाले, मायक्रोफोन बिघडला असेल. पण वैजयंतीला ते पटेना. ही बिघाडाची शांतता नव्हती. रिकाम्या खोलीलाही एक बारीक घरघर असते, इथं तीसुद्धा नव्हती. नुकत्या चुना मारलेल्या भिंतीसारखं सगळं कोरं होतं. असली शांतता ती स्वतः रोज तयार करायची, त्याचाच तिला पगार मिळायचा. तिनं चौगुल्यांना विचारलं, उंबरा आवाज स्वच्छ करतो म्हणजे नेमकं काय काढतो?

त्यांनी सांगितलं त्यात कुणाची लबाडी नव्हती. वॉर्डात पंप, पंखे, विजेची गुणगुण सतत चालू असते, आणि पापुद्रा ती सगळी टिपतो. शिवाय एकच सूर मेंदूला फार वेळ देत राहिलं तर झटका येण्याची भीती. म्हणून एका श्वासापेक्षा जास्त वेळ एकसारखा चालणारा कुठलाही आवाज उंबरा सुरुवातीसकट कापून टाकतो, इकडूनही आणि तिकडूनही. टॅबलेटवरची 'पोचलं' ही खूण फक्त उंबऱ्यापर्यंतची. बोलण्यात चढउतार असतात, ते सुखरूप जातं. पाळण्याची चाल जाते. तानपुऱ्याचं तर सगळं शीलच न तुटण्यात. जितका चांगला लावलेला, तितका तो यंत्राला पंख्यासारखा वाटणार. आणि लावण्यात वैजयंतीनं काही कसूर ठेवली नव्हती.

पण तिला हादरवलं ते दुसऱ्या विचारानं. आण्णा काही गवई नव्हते. उभ्या जन्मात त्यांनी एक चाल म्हटलेली कुणी ऐकली नव्हती. ते आत असतील, जागे असतील, आणि त्यांनी उत्तर दिलंच असेल, तर ते जन्मभर देत आले तसंच दिलं असेल. तोंड मिटून, एकच सूर, सरळ, लांबलचक.

डॉ. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की उंबरा बंद करता येणार नाही, तो अख्ख्या वॉर्डाचा आहे. पण त्याला वळसा घालता येईल. भिंतीच्या पन्हळीतून एक वायर आणायची. त्या वायरीला इकडे साधा मायक्रोफोन आणि हेडफोन, आणि तिकडचं टोक थेट आण्णांच्या खाटेजवळच्या तारेच्या जोडणीत. हवेचा कुठं संबंध नाही, म्हणजे कायदाही मोडत नाही.

"पण वैजयंतीताई, झटका आला तर मी तिथल्या तिथं बंद करणार. आणि काही ऐकू आलं नाही, तर उद्याचं उद्या, ठरल्याप्रमाणे. चालेल?"

वैजयंतीनं मान हलवली. रणजित आला होता. त्यानं सगळं समजून घेतलं आणि हळूच म्हणाला, "परत आशा लावून घेऊ नकोस गं." त्याच्या आवाजात राग नव्हता. तिच्यासाठी त्याला खरंच वाईट वाटत होतं.

दुपारी वायर आली. डॉक्टर बटणावर बोट ठेवून बसल्या. वैजयंतीनं हेडफोन कानाला लावला. तानपुरा अजून जमिनीवर आडवाच होता, तिनं तारेला बोटही लावलं नव्हतं.

आणि सूर ऐकू येत होता.

बारीक, झिजलेला, विजेच्या गुणगुणीत निम्मा बुडालेला. पण षड्ज होता. दुकानातला, आण्णांचा, काळी एक पट्टीचा षड्ज. तो कुणाच्या उत्तरादाखल आला नव्हता, आधीपासून चाललाच होता. बाहेरून तानपुरा येईना म्हणून आण्णांनी आतल्या आत स्वतःच तो धरून ठेवला होता. वैजयंतीनं हेडफोन काढून भावाच्या कानाला लावला. रणजित ऐकत राहिला, मग खाली बसला.

डॉक्टर म्हणाल्या, ही वॉर्डातली गुणगुणही असू शकते, खात्री करायला हवी. त्यांचं बरोबरच होतं. चौगुल्यांनी आवाज स्पीकरवर घेतला. वैजयंतीनं तानपुरा उभा धरला आणि तारा छेडल्या.

सूर थांबला.

ती वाजवत राहिली. एक आवर्तन, दुसरं, तिसरं. मग पलीकडून पुन्हा आला, पण आता षड्ज नव्हता, पंचम होता, आणि तिच्या तारेहून किंचित चढा. तिची तार उतरली होती. तिनं घोडीखालचा तारेतला मणी सरकवला, तार चढत चढत त्या सुराला जाऊन मिळाली. सूर थांबला. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं. तिनं पंचम मुद्दाम ढिला केला. पलीकडचा सूर लगेच आला, जरा त्रासल्यासारखा, आणि तार जागेवर येईपर्यंत हटला नाही. डॉ. मुजावरांनी बटणावरचं बोट उचललं आणि चष्मा काढून नुसत्याच हातात धरला.

आनंद झालाच, खोटं कशाला सांगा. पण तो पुरता व्हायच्या आत दुसरी गोष्ट वैजयंतीच्या ध्यानात आली. तानपुरा उंबऱ्यात अडला होता. बोलणं अडलं नव्हतं. बोलणं तर स्वच्छ होऊन, वेचून, निवडून पलीकडे गेलं होतं. तिनं रणजितकडे पाहिलं. त्याच्याही ते ध्यानात आलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तानपुरा चालू ठेवून तिनं विचारलं, "आण्णा, हो असलं तर षड्ज धरा, नसलं तर गप्प राहा. आम्ही इथं जे बोलत होतो, ते सगळं ऐकलंत?"

षड्ज आला. बराच वेळ राहिला.

"मी म्हणाले तेसुद्धा? की तुम्ही तिथं नाही?"

तोच सूर, तसाच.

"चुकलं माझं, आण्णा," ती म्हणाली. तिला हुंदका आवरेना आणि हाताचा धक्का लागून मणी सरकला. पलीकडचा सूर षड्ज सोडून पंचमावर गेला आणि तिथं वाट बघत उभा राहिला. आधी लाव. तिनं डोळे न पुसता मणी चाचपला, तार जागेवर आणली. सूर थांबला. या वेळी रडू मात्र पळालं नाही. तिनं तानपुरा मांडीवर आडवा ठेवला आणि पदरात तोंड लपवलं.

रणजित पुढं आला. विचारायचं ते आपणच विचारलं पाहिजे, असं त्याला वाटलं असावं. मायक्रोफोनपाशी गुडघे टेकून तो म्हणाला, "आण्णा, उद्या सगळं थांबवायचं ठरवलं होतं आम्ही. मीच पुढाकार घेतला. आता तुम्ही सांगाल तसं. हे असं पडून राहायचंय का तुम्हाला? राहायचं असलं तर षड्ज धरा."

स्पीकरमधून नुसती विजेची गुणगुण येत होती. रणजित वाट बघत राहिला. त्यानं एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी नजर खाली वळवली. चौगुले दाराबाहेर गेले. ज्या बापाला पाण्याचा तांब्या दुसऱ्याच्या हातून चालत नव्हता, त्यानं आपलं उत्तर दिलं होतं. रणजितनं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं आणि "बरं," म्हणाला, "बरं, आण्णा."

वैजयंतीनं पदर खाली केला. मांडीवर तानपुरा आडवा होता, चारही तारा मुक्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती एकदम ताठ बसली.

"थांब दादा. तानपुरा बंद आहे."

तिनं तो उभा केला. चारही तारा छेडल्या: पंचम, जोड, जोड, खरज. खोली भरून येईपर्यंत तिनं काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आण्णा, लागलाय. आता बोला."

षड्ज आला. पहिल्यापेक्षा भरीव, सरळ, कुठं न हलणारा. तो इतका वेळ राहिला की डॉक्टरांनी पुढं होऊन खाटेवरच्या यंत्राचे आकडे पाहिले आणि हरकत नाही अशी मान हलवली. रणजित पोरासारखा रडत होता. सोमवारचं सगळं रद्द करायला डॉ. मुजावर उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, हे खरं असलं तरी सोपं नाही. उंबऱ्याचं काही तरी नवं करावं लागेल, तोवर रोज कुणीतरी या वायरीशी बसायला हवं. तानपुरा आहे तोवरच ते बोलणार आहेत.

संध्याकाळपर्यंत वैजयंतीची बोटं दुखून आली. तिनं हात बदलून पाहिला, जमेना. रणजितनं हात पुढं केला. पन्नाशीला आलेला तो माणूस मांडी घालून बसला, भोपळा कसा टेकवायचा ते तिनं दाखवलं, बोट कुठून न्यायचं ते दाखवलं. त्यानं छेडलं ते अगदीच ओबडधोबड होतं, तार ओढल्यासारखी ओरडली आणि पंचम उतरला.

पलीकडून सूर आला.

"दादा, चढव जरा," वैजयंती म्हणाली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. जाड बोटांनी तो मणी शोधत राहिला, फार पुढं सारला, मागं घेतला, पुन्हा सारला. पलीकडचा सूर कंटाळला नाही, जागचा हालला नाही. शेवटी तार त्याला जाऊन मिळाली, आणि आण्णा गप्प झाले.